खालच्या टाकीची रेघ

१

पाइप चिकटवायच्या आधी सगळे जोड कोरडेच बसवून बघायचे असतात. हे मला कुणी शिकवायला नको. मी मोठ्या इमारतींचे पाण्याचे पंप सांभाळतो, आणि माझं अर्धं आयुष्य गच्चीवरच्या टाक्या आणि तळघरातले व्हॉल्व्ह यांच्यामध्ये जिने चढण्या-उतरण्यात गेलंय. तरीही त्या सुट्टीच्या दिवशी मी प्रत्येक एल्बो, म्हणजे पाइपाचं वळण, पुन्हा पुन्हा बसवून पाहिला, पेन्सिलीने खुणा केल्या आणि मगच सोल्युशन लावून पाइप पिळून बसवले. समुद्राच्या पाण्याची टाकी मी पहिल्यांदाच करत होतो. खारं पाणी एकदा गळायला लागलं की फरशी, लाकूड, वायरिंग, सगळ्याची वाट लावतं.

बाबा पलंगावर बसून बघत होते. बघत होते म्हणजे नाक मुरडत होते.

"मासे पाळतोयस की धरण बांधतोयस?"

"प्रवाळ लावायचंय. त्याला स्वच्छ पाणी लागतं."

"हो का? आम्हाला कसलंही चालतं, नाही का?"

टाकी त्यांच्या खोलीत ठेवावी लागली, कारण बाहेरच्या खोलीत दिवसभर ऊन येतं आणि उन्हाने शेवाळ माजतं. त्यांचा पलंग भिंतीला सरकवला, वेताची खुर्ची कोपऱ्यात ढकलली आणि पलंगाला समांतर ती लांबलचक काचेची टाकी उभी केली. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे राहतात. घरात आम्ही दोघंच. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी एक वाक्य सरळ बोललेलो नाही. भांडणंही होत नाहीत, फक्त टोमणे. भाजीत मीठ कमी पडलं तर ते म्हणायचे, "तुलाही डॉक्टरने मीठ बंद केलं वाटतं." मीही त्यांचाच मुलगा, ऐकून घेणारा नव्हे.

संध्याकाळी पंप चालू केला. बाबांनी काठी टेकत टाकीला एक चक्कर मारली, प्रत्येक जोडावरून बोट फिरवलं, ते कोरडं निघालं तेव्हा जरा हिरमुसले आणि जाऊन बसले. शाबास म्हणतील अशी माझी अपेक्षा नव्हती. खोटं कशाला बोलू, होती.

२

व्यवस्था साधी आहे. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात एक जाळी असते. पाणी तिच्यावरून सांडतं आणि पाइपातून खाली, कपाटात ठेवलेल्या दुसऱ्या टाकीत उतरतं. तिथे ते कापडी मोज्यातून गाळलं जातं, स्किमर फेस काढून त्यातली घाण बाजूला करतो, आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते पुन्हा वर ढकलतो. दिवसभर हेच चालू.

यात ध्यानात ठेवायची गोष्ट अशी, की वरच्या टाकीची पातळी कधी हलत नाही. जास्तीचं पाणी जाळीवरून निघूनच जातं. जी काही वाढ-घट व्हायची ती फक्त खाली, पंपाच्या कप्प्यात होते. वर तुम्ही कोपरापर्यंत हात घातलात तर खालचं पाणी चढतं, हात काढला की उतरतं. म्हणून मी खालच्या काचेवर मार्करने एक रेघ मारली. पाणी रोज थोडं उडून जातं, तेवढं गोडं पाणी सकाळी घालायचं आणि पातळी रेघेला आणायची.

टाकीत फक्त वाळू आणि कोरडे दगड होते. मासे, प्रवाळ इतक्यात सोडायचे नसतात. दगडांवर सूक्ष्म जंतू वाढावे लागतात, त्याला काही आठवडे जातात. "पाण्याला जीव धरायला वेळ द्या," असं दुकानदार म्हणाला होता.

पहिले काही दिवस पाणी उडत होतं आणि मी घालत होतो. मग एका सकाळी कपाट उघडलं तर पाणी रेघेच्या वर होतं. बोटभर.

३

"टाकीत पाणी घातलंत का?" मी विचारलं.

"मी?" बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "मला माझा पेला भरायला उठवत नाही, मी तुझ्या दगडांना पाणी पाजू?"

माझा विश्वास बसला नाही. मी खारेपणा मोजायचं उपकरण काढलं. कुणी गोडं पाणी घातलं असतं तर खारेपणा घटायला हवा होता. तो घटला नव्हता, किंचित वाढलाच होता. म्हणजे पाणी नेहमीसारखं उडालं होतं, कुणी थेंबही घातला नव्हता. तरी ते चढलं होतं.

मी जमिनीवर फतकल मारून बसलो आणि एकेक बिघाड आठवू लागलो. मोजा तुंबला तर पहिल्या कप्प्यात पाणी अडतं आणि पंपाकडे कमी येतं. उतरणारा पाइप तुंबला तर पाणी वर साठतं आणि खाली घटतं. दगडांनी पाणी पिऊन घेतलं तरी खाली घटणारच. पंप मंदावला तरच खाली चढतं, पण तो पूर्ण जोरात चालू होता; मला ठाऊक असलेल्या बाकी प्रत्येक बिघाडात खालचं पाणी कमी होत होतं. ते वाढायचा एकच मार्ग उरत होता, तो म्हणजे वरच्या टाकीत काहीतरी जाऊन बसणं.

मी वर हात घालून चाचपलं. दगड जागेवर होते. मधल्या भागात वाळू दोन्ही बाजूंना सरकून एक लांबट खळगा झाला होता, पण पंपाच्या झोतानेही तसं होतं. मी वाळू सारखी केली आणि कामावर गेलो.

पुढच्या आठवड्यात पाणी चार बोटं चढलं, मग वीतभर. कप्प्यांमधल्या काचेच्या पट्ट्या बुडाल्या आणि खालचे सगळे कप्पे एक झाले. खालची टाकी मी मुद्दाम मोठी घेतली होती, वीज गेली तर वरून सांडणारं पाणी तिच्यात मावावं म्हणून. ती जागा आता भरत चालली होती. माझी रेघ पाण्याखाली गेली होती. वाळू रोज सारखी करायचो, आणि सकाळी खळगा पुन्हा तयार असायचा.

४

"तुझा पाहुणा बरा आहे की," एका संध्याकाळी बाबा म्हणाले.

"कोण पाहुणा?"

"टाकीतला. दुपारी तू नसतोस तेव्हा तुझ्या त्या कपाटात गुरगुर होते. पाणी उतरतं. आणि मग खुर्ची भरते."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते नेहमीसारखेच बसले होते, हनुवटी वर, माझी खोड काढायला तयार. मला संताप आला. एवढे दिवस खपून मी जे उभं केलं त्याच्याबद्दल या माणसाला दुसरं काही सुचत नव्हतं.

"बरं झालं," मी म्हटलं. "तुमचं ऐकून घ्यायला कुणीतरी मिळालं."

"ऐकतो खरा. बोलत मात्र नाही. मी कसा बोलतो, कसा खोकतो, ते नीट बघत असतो."

"मग जरा चांगलं बोला. तोही चांगलंच शिकेल."

बाबांनी माझं वाक्य तसंच पडू दिलं; असं मला आठवतं तेव्हापासून कधी झालं नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी माझ्यासमोरच ताईला फोन लावला. "मला घेऊन जा," ते म्हणाले. "या घरात तिसऱ्याला जागा नाही. आम्हा तिघांतला जास्तीचा मीच दिसतो."

मग ताईने मला फोनवरच झापलं. "काय चाललंय तुमचं? बाबा घाबरलेत."

"घाबरलेत? बाबा? मला डिवचायला चाललंय सगळं."

"ते मी रविवारी येऊन बघते. त्यांना न्यायचं की नाही, तेव्हाच ठरवू."

मला ते जायला हवे होते का? रोज संध्याकाळी घरी येताना वाटायचं, सुटू एकदाचे. आणि ते खरंच जाणार म्हटल्यावर नकोसं वाटलं. माझ्या घरात माझे वडील सुखाने राहू शकले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ होणार होता.

५

मी एक दिवस रजा टाकली. बाबांना खोटं ठरवायचं, हा त्यामागचा खरा हेतू.

जेवणं झाली. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले. खोलीत लख्ख उजेड होता. मी टाकीखालचं कपाट उघडून समोर बसलो. स्किमरचा फेस वर येत होता. काहीच जिवंत नसलेल्या पाण्यातून त्याने अर्धा पेला तपकिरी, तेलकट घाण काढली होती. तिला माशांचा वास नव्हता. कुणी आजारी माणूस बरेच दिवस बंद खोलीत झोपला की त्याच्या उशीला जो वास येतो, तो होता.

बराच वेळ काही झालं नाही. मला झोप येऊ लागली. आणि माझ्या डोळ्यांसमोर पाणी उतरायला लागलं.

हळूहळू नव्हे. कुणी बादलीतून हात काढावा तसं ते एका दमात खाली आलं, पट्ट्या उघड्या पडल्या, माझी रेघ वर आली आणि पंप हवा ओढून गुरगुरला. मी वर पाहिलं. वरच्या टाकीतलं पाणी जाळीच्या खाली गेलं होतं, पाइपात पडायचं थांबलं होतं. पंपाने थोडं वर चढवलं तेव्हा धार पुन्हा सुरू झाली. काठ कोरडे होते. फरशी कोरडी होती. मी तळहाताने फरशी पुसून पाहिली, आजूबाजूलाही आणि पलंगाखालीही.

मग वेत करकरला.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बाबांची जुनी गादी होती. तिच्या मधोमध एक खळगा पडत होता. आधी उथळ, मग खोल, मग त्याच्या कडा ताणल्या गेल्या. खुर्चीत कुणी नव्हतं. पाठीमागच्या भिंतीवरचं कॅलेंडर खुर्चीतून स्वच्छ दिसत होतं, फक्त त्यातल्या तारखा किंचित हलत होत्या, पाण्यातून पाहिल्यासारख्या.

"बघितलंस?" बाबा म्हणाले. ते झोपले नव्हते. भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून, अगदी हळू म्हणाले, "आता म्हण, मला म्हातारचळ लागलाय."

मी उठून पंप बंद केला, पुन्हा चालू केला. जुन्या गाद्यांमधला कापूस बसतो, खिडकीच्या काचेमुळे भिंतीवर उजेड हलतो. मी स्वतःला हे सांगितलं आणि ते मला पटलंही, कारण पटवून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. खुर्ची उचलून मी बाहेर गॅलरीत टाकली. संध्याकाळपर्यंत पाणी पुन्हा वीतभर चढलेलं होतं.

६

रविवारी सकाळी ताईला आणायला स्टेशनवर जायचं होतं. मी चपला घातल्या आणि दारातच घुटमळलो. बाबांना एकटं सोडून जाऊ नये असं मला वाटत होतं. खरोखर वाटत होतं. म्हणायला हवं होतं, बाबा, मला भीती वाटते, माझ्याबरोबर चला.

"चला तुम्हीही स्टेशनवर," मी म्हटलं. आणि पुढचे शब्द सवयीने आपोआप बाहेर पडले. "की पाहुण्याला सोडवत नाही?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे पाय पलंगावरून खाली आले होते, काठी हातात होती. ते निघायच्या तयारीत होते. माझं दुसरं वाक्य ऐकून त्यांनी पाय परत वर घेतले.

"जा तू," ते म्हणाले. "मला काय धाड भरलीय? बाहेरून कुलूप लाव, म्हणजे आम्हा दोघांना निवांत."

"लावतो."

"लाव ना."

मी कुलूप लावलं. आमच्या दोघांशिवाय असला मूर्खपणा दुसऱ्या कुणाला जमला नसता. घाबरलेला माणूस घाबरलेल्या माणसाला टोमणा मारतो आणि दोघंही आपापल्या जागी अडून बसतात.

७

आम्ही परतलो तेव्हा बाबा दाराच्या आत उभे होते, जणू जिन्यावरची पावलं ओळखून आले होते. काठी हातात नव्हती.

"आलीस?" त्यांनी ताईचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. मग माझ्याकडे वळले. "दमलास ना रे? बस जरा. मी पाणी आणतो."

ते आत गेले आणि पेला घेऊन आले. पेला भरलेला होता, हात अजिबात हलत नव्हता. ताईने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. हेच का ते घाबरलेले?

"बाबा, तुम्ही म्हणाला होतात की मला घेऊन जा," ती म्हणाली.

"छे गं. त्या दिवशी उगाच चिडलो होतो. हा किती करतो माझं." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात कोरडा होता, उबदार होता. "आणि ती टाकी बघितलीस का? काय सुरेख काम केलंय पोराने! एक थेंब गळत नाही."

माझे डोळे भरून आले. शंका नंतर आली, डोळे आधी भरून आले, हे मला लपवायचं नाही. आयुष्यभर जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं, आणि पेला हातात धरून उभ्या उभ्या रडलो. ताईसुद्धा रडली. बाबा दोघांकडे बघून हसत होते, नीट, बारकाईने.

मग मी त्यांच्या खोलीत जाऊन कपाट उघडलं.

खालची टाकी काठोकाठ भरली होती. पाणी काचेच्या कडेला टेकलं होतं, अजून पेलाभर ओतला असता तर सांडलं असतं. पाहुणा आत असतानाही ते कधी इतकं चढलं नव्हतं. वर टाकीत दगड होते, वाळू होती, निळसर उजेड होता. दुसरं काही दिसत नव्हतं. पण जाळीवरून पडणारी धार सारखी पडत नव्हती. ती थोडी जोरात यायची, मग ओसरायची, मग पुन्हा जोरात यायची. पाण्यात पडलेल्या माणसाची छाती वर-खाली होत असेल तर धार तशी पडेल.

मी ताईला हाताला धरून आणलं. "हे पाणी बघ. इथे रेघ होती."

"टाकीत पाणीच असणार ना?"

"ताई, यांना घेऊन जा. आजच्या आज."

तिने हात सोडवून घेतला. "ते घाबरले होते तेव्हा म्हणालास, मला डिवचायला चाललंय. आता हसतायत तर तुला नकोसे झाले? तुला नेमकं काय हवंय रे?"

दारात बाबा येऊन उभे राहिले. "जाऊ दे गं," ते म्हणाले. "मनाने चांगला आहे तो."

ती संध्याकाळच्या गाडीने गेली. निश्चिंत होऊन गेली.

८

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो नाही. उजाडल्यावर बाथरूममधून नळी आणली, एक टोक वरच्या टाकीत सोडलं आणि दुसरं मोरीपर्यंत नेलं. पाणी काढून टाकायचं. आत जे असेल ते उघडं पडेल. बाबा बाहेर येतील.

मग मनात आलं, आणि नाही आले तर? आता ते ज्यात आहेत त्यात श्वास घेताहेत. धार पडते आहे. पाण्यातलं जे असतं ते पाण्याबाहेर काढल्यावर किती वेळ टिकतं, ते मला ठाऊक होतं. मी नळी हातात धरून नुसता उभा राहिलो.

"थांब, एकट्याला जमायचं नाही," मागून ते म्हणाले. "दुसरं टोक मी धरतो."

ते मोरीपाशी गेले आणि मांडी घालून जमिनीवर बसले. बाबांचे गुडघे कित्येक वर्षांत वाकले नव्हते. त्यांनी नळीचं टोक तोंडात घेतलं आणि माझ्याकडे बघत जोरात ओढलं. बाबांनी माझ्या कुठल्याही कामाला कधी हात लावला नव्हता. नळीतून पाणी चढलं, टाकीच्या काठावरून पलीकडे उतरलं. मी झडप घालून नळी मध्येच दुमडली आणि मुठीत घट्ट धरली.

"अरे, सोड ना," ते हसून म्हणाले. ओठांवरून खारं पाणी ओघळत होतं.

मी टाकीकडे तोंड केलं. "बाबा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "माझं चुकलं. मला खूप भीती वाटतेय. पाणी काढू की नको? एकदा सरळ सांगा."

जाळीवरची धार एकदम भराभर पडू लागली, अडखळत, घाईघाईने. ते 'हो' होतं की 'नाही', मला कळेना. मी काचेला कान लावला. आत फक्त पाण्याचा आवाज होता.

"काढ रे बाळा," जमिनीवरून उत्तर आलं, इतक्या मायेने की क्षणभर मूठ सैल झाली. ते उठून माझ्याजवळ आले, आणि माझी बोटं एकेक करून नळीवरून सोडवू लागले.